पाहुण्यापुरती मोकळीक

स्पेनमधल्या मालागाच्या विमानतळावर लोकल पकडली की दहा-बारा मिनिटांत तोर्रेमोलिनोस येतं. स्टेशन जमिनीखाली आहे. वर आलं की माणूस थेट ला नोगालेरा नावाच्या चौकात उभा राहतो. भोवती पांढऱ्या इमारती आणि त्यांच्या तळमजल्यावर एकाला लागून एक बार. त्यातले बरेचसे समलिंगी पुरुषांचे, काही स्त्रियांचे, काही सगळ्यांचे. दुपारी इथे शटर खाली असतात. रात्री दहाला जेवायला बसणारा हा देश, त्यामुळे बारमध्ये गर्दी व्हायला मध्यरात्र उलटावी लागते आणि डिस्को भरतात ते पहाटे तीनच्या सुमाराला. समुद्र उतार उतरून खाली. तिथे लिदो किनाऱ्याच्या एका तुकड्यावर इंद्रधनुषी झेंडे, भाड्याच्या खाटा, आणि वाळूने भरलेल्या होडीतल्या निखाऱ्यांशेजारी काठीला ओवून भाजलेल्या सार्डिन माशांचा वास. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या स्पेनच्या सहलींचा मुक्काम पुष्कळदा याच कोस्ता देल सोल किनारपट्टीवर असतो. पण आपली मंडळी सातला भारतीय जेवण उरकून दहाला झोपतात आणि सकाळी जिब्राल्टर बघायला निघतात. ला नोगालेरातले दिवे लागतात तेव्हा बसमधल्या सगळ्यांचं घोरणं सुरू झालेलं असतं. २०११ साली 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' या चित्रपटाने आपल्याकडच्या पुष्कळांना स्पेनला जायची हौस लावली. तीन जिवलग पुरुष मित्र सगळा देश पालथा घालतात, पण या स्पेनच्या वाटेला तेही फिरकले नाहीत.

अशा गावांना पर्यटनाच्या धंद्यात आता एक शिक्का मिळतो: एलजीबीटी-स्नेही. हॉटेलच्या वेबसाइटवर, विमान कंपनीच्या मासिकात, नगरपालिकेच्या जाहिरातीत तो दिसतो. शिक्का मारताना पाहतात काय, तर दोन पुरुषांनी एक खोली मागितली तर स्वागतकक्षातला माणूस भुवई उंचावतो का, हातात हात घालून फिरता येतं का, बार किती, पार्ट्या किती. म्हणजे प्रश्न विचारला जातो तो पाहुण्याला. मला वाटतं, इथेच गफलत आहे. एखादा किनारा खरोखर कुणाचा मित्र आहे हे पाहुण्याला कळण्याची शक्यता सगळ्यात कमी. ते विचारायचं तर त्याच्या टेबलावर ग्लास ठेवणाऱ्या पोराला विचारावं. तोर्रेमोलिनोसच्या इतिहासात या दोन माणसांना मिळालेली उत्तरं इतकी वेगळी आहेत, की हे गाव या वादात साक्षीदार म्हणून उभं करण्यासारखं आहे.

१९५९ साली हुकूमशहा फ्रांकोच्या स्पेनची परकीय चलनाची गंगाजळी आटत आली होती. सरकारने आर्थिक स्थिरीकरणाची योजना आणली, पेसेताचं अवमूल्यन करून एका डॉलरला साठ पेसेता असा दर ठरवला, आणि उत्तरेकडच्या थंड देशांतल्या माणसांसाठी स्पेन एकाएकी स्वस्त झाला. त्याच वर्षी तोर्रेमोलिनोसच्या किनाऱ्यावर पेस एस्पादा हे आलिशान हॉटेल उघडलं. १९६० मध्ये साठेक लाख परदेशी आले होते. १९७३ पर्यंत हा आकडा तीन कोटी चाळीस लाखांच्या वर गेला. हुकूमशाहीने चर्चच्या नीतिनियमांवर उभं केलेलं राज्य आणि बिकिनीतल्या स्वीडिश बायका यांना एकाच वाळूवर नांदवायचं होतं. बेनिदोर्मच्या महापौरांनी बिकिनीला परवानगी दिली आणि तक्रारी वाढल्यावर ते वेस्पावर बसून थेट फ्रांकोला भेटायला माद्रिदला गेले, ही कथा स्पेनमध्ये आवडीने सांगतात. कथेत मीठमसाला किती ते सोडून द्या. तिचं तात्पर्य सगळ्यांना माहीत होतं: चलन आणणाऱ्या माणसाच्या अंगावर कपडे किती आहेत हे सरकार मोजणार नव्हतं.

तो कुणासोबत झोपतो हेही, काही काळ, मोजलं गेलं नाही. १९६२ मध्ये इथे टोनीज बार उघडला. स्पेनमधला पहिला समलिंगी बार म्हणून त्याचं नाव घेतात. मग पासाहे बेगोन्या या अरुंद बोळात बारची रांगच लागली. डच जॅझ पियानोवादक पिया बेक १९६५ मध्ये आपल्या जोडीदारणीसह या गावात येऊन स्थायिक झाली आणि तिने 'ब्लू नोट' हा क्लब चालवला. १९६३ च्या वसंतात बीटल्सचा मॅनेजर ब्रायन एपस्टीन जॉन लेननला घेऊन इथे सुट्टीवर आला होता. एपस्टीन समलिंगी होता, आणि त्याच्या इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत समलिंगी संबंध हा कायद्याने गुन्हाच होता. पश्चिम जर्मनीतल्या प्रौढ पुरुषांना १९६९ पर्यंत थांबावं लागलं. थोडक्यात, लोकशाही देशांतली माणसं जरा मोकळा श्वास घ्यायला एका हुकूमशाहीच्या किनाऱ्यावर येत होती. स्वातंत्र्याबद्दल आपण शाळेत शिकतो त्यात हे बसत नाही. कुठल्या देशात मतपेटी आहे यावरून कुठल्या देशात कोण निर्धास्त बसू शकतं हे ठरत नाही, निदान त्या काळी ठरत नव्हतं.

पण ही मोकळीक कुणाची होती? प्रजासत्ताकाच्या काळात, १९३३ मध्ये, भटके आणि गुंड यांच्यासाठी केलेल्या कायद्यात फ्रांकोने १९५४ साली समलिंगी माणसांची भर घातली. फुएर्तेव्हेंतुरा या आज पर्यटकांनी गजबजलेल्या बेटावर तेफिया इथे 'शेतकी वसाहत' या गोंडस नावाखाली छावणी होती. तिथे अशा कैद्यांकडून खडी फोडून घेत. १९७० मध्ये जुना कायदा काढून 'सामाजिक धोका आणि पुनर्वसन' असा नवा आणला. नाव वाचून वाटावं की एखादी कल्याणकारी योजना असेल. त्यात समलिंगी कृत्यांसाठी कोंडून ठेवण्याची आणि ठरावीक गावात राहायला बंदी घालण्याची तरतूद होती. उएल्वा आणि बादाहोस इथले तुरुंग खास त्यासाठी राखले गेले. उएल्वा हे आंदालुसियातच आहे. म्हणजे याच प्रांतात, याच दक्षिणेच्या उन्हात, एका टोकाला परदेशी माणूस नाचत होता आणि दुसऱ्या टोकाला देशी माणूस कोठडीत होता. दोघांनी केलेली गोष्ट एकच.

२४ जून हा सान हुआनचा दिवस. आदल्या रात्री सगळ्या किनाऱ्यावर होळ्या पेटतात. १९७१ साली त्या दिवशी रात्री मालागाच्या गव्हर्नरच्या हुकमाने पोलिसांनी पासाहे बेगोन्याची दोन्ही तोंडं बंद केली. तीनशेहून अधिक माणसांची झडती झाली, ११४ जणांना अटक झाली. आरोप सार्वजनिक नीतिमत्तेला बाधा आणल्याचा. बार बंद झाले. परदेशी होते त्यांतल्या अनेकांची देशाबाहेर रवानगी झाली. एका अर्थाने ती सुटकाच: विमानात बसले, घरी गेले. स्पॅनिश माणसाला घरी पाठवणं हीच शिक्षा होती, कारण घरी पोलिसांचं पत्र त्याच्याआधी पोहोचू शकत होतं. पुढे त्या बोळाचं नावसुद्धा बदललं. इतकी वर्षं ज्याला सगळे स्वातंत्र्य समजत होते ते एका सहीच्या कागदावर उभं होतं, आणि सही मागे घेतली गेली. पर्यटकांची संख्या मात्र त्यानंतरही वाढतच राहिली.

या शेवटच्या वाक्यावर जरा थांबायला हवं. 'पैसा आला की मोकळेपणा येतो' असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे. पैशाने डोळेझाक विकत घेता येते. पण डोळेझाक करणाऱ्याचे डोळे उघडायचे की मिटायचे हे शेवटी तोच ठरवतो, आणि पाहुण्यांचा बंदोबस्त वेगळा, रहिवाशांचा वेगळा, असा हिशेब राज्यकर्त्यांना फार लवकर जमतो. तो आजही जमतो. परदेशी माणसाला खासगी हॉटेलच्या भिंतीआड काहीही करू देणारे आणि स्वतःच्या नागरिकाला त्यासाठी गजाआड टाकणारे देश आज जगाच्या नकाशावर आहेत, आणि त्यांतले काही सुट्टीच्या जाहिरातींत फार देखणे दिसतात.

आंतोनी रुईझची गोष्ट याच भूमध्य किनाऱ्यावरच्या व्हॅलेन्सिया भागातली. १९७६ साल. फ्रांको मरून काही महिने झालेले. सतरा वर्षांच्या आंतोनीने आपण समलिंगी असल्याचं घरच्यांना सांगितलं. ते एका ननच्या कानावर गेलं आणि तिने पोलिसांना कळवलं. पोरगा तुरुंगात गेला, तीन महिने राहिला. त्याची नोंद पुढे वर्षानुवर्षं दप्तरात राहिली. लोकशाही येताना राजकीय कैद्यांना माफी मिळाली, पण 'सामाजिक धोका' ठरलेल्यांना त्या माफीत जागा नव्हती. रुईझने पुढे अशा माजी कैद्यांची संघटना उभी केली आणि भरपाईसाठी सरकारशी भांडण केलं. १९७६ च्या उन्हाळ्यात व्हॅलेन्सियाच्या किनाऱ्यावर येऊन गेलेल्या एखाद्या जर्मन जोडप्याला विचारलं असतं, तर त्यांनी या किनाऱ्याला स्नेही म्हटलं असतं. आणि ते खोटं बोलले नसते.

मग कायदा बदलला कुणी? बारने नाही, हे सरळ म्हणायचा मोह होतो. १९७० च्या कायद्याचा मसुदा आला तेव्हा बार्सेलोनात आर्मांद दे फ्लुव्हिया या वंशावळीच्या अभ्यासकाने टोपणनाव घेऊन गुप्तपणे गट बांधला. फ्रान्समधल्या मित्रांच्या मदतीने लोकप्रतिनिधींना पत्रं पाठवली. त्यांचं पत्रक फ्रान्समधून टपालाने स्पेनमध्ये येत असे. मसुद्यात नुसतं समलिंगी असणं हाच धोका ठरत होता. अंतिम कायद्यात 'कृत्य' असा शब्द आला. विजय एवढासाच. २६ जून १९७७ ला बार्सेलोनाच्या रांब्लासवर चारेक हजार माणसं चालली, पुढच्या रांगेत पारलिंगी स्त्रिया होत्या, आणि पोलिसांनी त्यांच्यावर रबरी गोळ्या झाडल्या. १९७८ च्या डिसेंबरात समलिंगी कृत्यांचा उल्लेख त्या कायद्यातून गेला. तरी 'सार्वजनिक बेअब्रू' हा गुन्हा १९८८ पर्यंत उरलाच, आणि पोलिसांना बारमध्ये शिरायला तेवढं निमित्त पुरत असे. २००५ मध्ये लग्नाचा हक्क मिळाला. त्यासाठी झटलेला पेद्रो सेरोलो हा काराकासमध्ये जन्मलेला, कॅनरी बेटांवर वाढलेला वकील. विरोधी पक्षाने कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं आणि २०१२ मध्ये ते फेटाळलं गेलं. तीन वर्षांनी त्याच पक्षाचे पंतप्रधान राहॉय आपल्या एका सहकाऱ्याच्या लग्नाला गेले. दोन्ही बाजूंना नवरदेवच होते. कायद्याने माणसं सुधारत नाहीत म्हणतात, पण लग्नाचं आमंत्रण नाकारणं त्याने अवघड होतं खरं.

तर बारने कायदा बदलला नाही. पण बारशिवाय तो बदलला असता का, याबद्दल मला शंका आहे, आणि आपल्याकडचे गंभीर प्रकृतीचे लोक इथेच चुकतात असं मला वाटतं. मोर्चा, संघटना, याचिका हे राजकारण. नाच, दारू, अंगाला चोळलेलं तेल हा छचोरपणा, अशी विभागणी आपण सहज करतो. ज्याला आयुष्यभर सांगितलंय की तुझ्यासारखा तूच एक, त्याने एका खोलीत स्वतःसारखी साठ माणसं पाहणं यात छचोर काय आहे? सोळा-सतरा वर्षांचा असताना घर सोडून मालागाला भांडी घासायला आलेला एखादा पोरगा ग्लास गोळा करता करता पाहत असेल, की साठीचे दोन इंग्रज म्हातारे एकमेकांचं डोकं चेपत बसलेत, भांडतायत, बिलावरून कुरकुर करतायत. त्याने तोवर समलिंगी म्हातारा पाहिलेलाच नसणार. आपल्याला म्हातारपण असू शकतं ही माहिती कुठल्या पत्रकात मिळत नाही. १९६९ चा न्यूयॉर्कमधला स्टोनवॉलचा दंगाही बारमध्येच पेटला, ग्रंथालयात नाही. पिया बेकचंच घ्या. १९७० च्या दशकाअखेर अमेरिकेत अनिता ब्रायंटने समलिंगींविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा तिला जाहीर उत्तर देणाऱ्यांत तोर्रेमोलिनोसची ही पियानोवाली होती. क्लब चालवणारी बाई आणि लढणारी बाई वेगळ्या नव्हत्या.

म्हणून माझी तक्रार रात्रीच्या जीवनाबद्दल नाही. तक्रार आहे ती त्याचा फक्त माल झाला याबद्दल. बार्सेलोनाच्या दक्षिणेला सित्जेस आहे. १८९० च्या दशकात चित्रकार सांतियागो रुसिन्योलने तिथे घर केलं, एल ग्रेकोची दोन चित्रं गावातून मिरवणुकीने आणली, आणि तेव्हापासून विक्षिप्त माणसांना सांभाळून घ्यायची या मच्छीमार गावाला सवय लागली. आज तिथला कार्निव्हल, ड्रॅग कलाकारांच्या मिरवणुका, किनाऱ्याचे ठरलेले तुकडे हे सगळं युरोपभर प्रसिद्ध आहे. घरं इतकी महाग, की बारमागे उभ्या राहणाऱ्या मुलाला तिथे खोली घेणं परवडत नाही. तो शेजारच्या गावातून येतो आणि पहाटेच्या पहिल्या लोकलची वाट बघतो. मालागातही तेच. २०२४ मध्ये स्पेनला सुमारे ९ कोटी ४० लाख परदेशी पाहुणे आले. त्याच वर्षी २९ जूनला मालागाच्या रस्त्यांवर हजारो लोक घरांच्या भाड्याविरुद्ध उतरले. पर्यटकांना भाड्याने द्यायला घरं आहेत, शिक्षिकेला आणि नर्सला नाहीत. त्या मोर्चात समलिंगी माणसं नसतील असं कसं म्हणायचं? झेंडा बाल्कनीत आहे, पण ती बाल्कनी आता आठवड्याच्या भाड्यावर आहे. पूर्वी पोलीस हाकलत होते, आता घरमालक. दोहोंत फार मोठा फरक आहे, आणि तो मी पुसून टाकणार नाही. घरमालक तुरुंगात टाकत नाही. पण गाव सोडावं लागणाऱ्याला गाव सोडावंच लागतं.

आणि कायदा, मोकळेपणा, झेंडे सगळं असतानाही काय घडू शकतं हे ३ जुलै २०२१ च्या पहाटे दिसलं. देशाच्या दुसऱ्या टोकाला, अटलांटिकवरच्या आ कोरुन्यात, रियासोर किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर, क्लबमधून बाहेर पडलेला २४ वर्षांचा सामुएल लुईझ व्हिडिओ कॉलवर बोलत होता. तो आपलं चित्रण करतोय असं वाटून एकाने त्याला समलिंगींसाठीची शिवी हासडली, आणि मग एका टोळक्याने त्याला मारून टाकलं. स्पेनभर निदर्शनं झाली. २०२४ च्या नोव्हेंबरात ज्यूरीने चौघांना दोषी ठरवलं. त्या रात्री आजूबाजूला बरीच माणसं होती. मध्ये पडले ते दोघे सेनेगलचे, कागदपत्रं नसलेले स्थलांतरित. पोलिसांच्या नजरेला पडणं ज्यांना सगळ्यात महागात पडलं असतं तेच दोघे पुढे झाले, आणि न्यायालयात साक्षही त्यांनी दिली. पुढे शहराने त्यांना दत्तक पुत्र म्हणून गौरवलं, राहण्या-काम करण्याचा परवाना मिळाला. युरोपच्या किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांत तेही होते. फक्त त्यांच्यासाठी कुणी स्नेही हॉटेलांची यादी काढलेली नव्हती. आज काही युरोपीय पक्ष समलिंगींच्या सुरक्षेचं नाव पुढे करून बाहेरच्यांना बंदी घाला म्हणतात. आ कोरुन्याचा किनारा त्यांना अडचणीचा जातो.

आपल्याकडे या विषयाचं नाव काढलं की लोक गोव्याचं नाव घेतात. गोव्यात बिनधास्त राहता येतं, कुणी विचारत नाही. हणजूण-वागातोरच्या पट्ट्यात पाहुण्याला हे पुष्कळदा खरं वाटतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केल्यापासून हॉटेलवाल्याला कायद्याची आडकाठीही नाही. मुंबईहून शनिवार-रविवारसाठी येणाऱ्या जोडप्याला खोली मिळते, आणि ती मिळणं चांगलंच आहे. पण खोलीची किल्ली देणारा, कुडाळचा किंवा पेडण्याचा, तो आपल्या सोबत्याबरोबर सोमवारी कुठे राहतो? १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने लग्नाचा हक्क नाकारला. जोडपं म्हणून मूल दत्तक घेण्याचा मार्गही तीन विरुद्ध दोन अशा मताने बंद राहिला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांचं नाव नॉमिनी म्हणून लावायला मनाई नाही. रेशनकार्डासाठी त्यांना एकाच घरातले समजावं, असंही राज्यांना कळवलं. खातं, रेशनकार्ड: पर्यटकाला यातलं काहीच लागत नाही. स्वागतकक्षातल्या त्या पोराला लागतं. भाड्याच्या घराचा करार लागतो, आजारी पडल्यावर सही करणारं माणूस लागतं, आणि मालकाला कळल्यावर नोकरी जाणार नाही याची हमी लागते. खासगी हॉटेलातल्या समलिंगी नोकराला तशी हमी देणारा कायदा या देशात अजून झालेला नाही. गोव्याच्या जाहिरातीत इंद्रधनुष्य रंगवायला निघालेल्यांनी आधी अशा कायद्याच्या मसुद्याला हात घालावा.